गुडघ्यांतील अनधिकृत सुधारणा

डॉक्टरांच्या दवाखान्यात दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत अकरा खुर्च्या, एक वजनकाटा आणि एक कंपाउंडर. आतल्या खोलीत डॉक्टर. अकरा खुर्च्यांपैकी एक लंगडी होती आणि ती नेहमी नवख्या पेशंटच्या वाट्याला येई. गेली एकतीस वर्षे या व्यवस्थेत काही बिघाड झाला नव्हता. पेशंट येत, नंबर लावत, एकमेकांना आपापली दुखणी सांगत आणि आत जाईपर्यंत निम्मे बरे होत. उरलेल्या निम्म्यांना डॉक्टर दोन मिनिटांत तपासून "काही नाही, होईल बरं" असे सांगत, आणि बहुतेकांना ते होई.

या व्यवस्थेत विज्ञान नाही, ही गोष्ट प्रथम डॉक्टरांच्याच लक्षात आली. कारण असे घडले की कॉलेजात त्यांच्या मागच्या बाकावर बसून त्यांचेच पाहून लिहिणाऱ्या एका मित्राचा बारावा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, आणि त्याने तो टपालाने पाठवला. सोबत चिठ्ठी होती : 'तुझं काय चाललंय?' डॉक्टरांनी निबंध तीनदा वाचला, मग घडी करून वजनकाट्याच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवला, आणि त्याच आठवड्यात एका औषध कंपनीच्या पत्राला होकार कळवला.

पत्रात म्हटले होते की मोठ्या रुग्णालयांतले रुग्ण अनोळखी असतात आणि चाचणी अर्धवट सोडून निघून जातात. फॅमिली डॉक्टरचे रुग्ण मात्र कुठेही जात नाहीत. सबब, गुडघेदुखीवरील नव्या गोळीची चाचणी यापुढे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात घेण्याचे ठरले आहे. निष्कर्षांच्या निबंधावर डॉक्टरांचे नाव सतराव्या क्रमांकावर छापण्यात येईल.

"सतरावं का होईना," डॉक्टर म्हणाले, "छापील तर आहे."

"क्रिकेटच्या संघात बारावा पाणी देतो," कंपाउंडर म्हणाला. "सतरावा काय करतो?"

पुढच्या सोमवारी कंपनीचा समन्वयक आला. त्याच्या गळ्यात ओळखपत्र होते आणि हातात चाकांची पेटी. पेटीत फक्त फायली होत्या. कंपाउंडरने दुपारपर्यंत त्याचे नाव फाइलवाले ठेवले, आणि संध्याकाळपर्यंत तो स्वतःही त्या हाकेला ओ देऊ लागला.

"एकूण चोवीस रुग्ण," फाइलवाल्यांनी समजावले. "बारा जणांना खरी गोळी, बारा जणांना खोटी."

"खोटी म्हणजे?"

"दिसायला तशीच. आत काही नाही."

"मग ती आपल्याकडे आहेच की," असे म्हणून कंपाउंडरने मागच्या फळीवरच्या गुलाबी औषधाच्या बरणीकडे बोट दाखवले. डॉक्टरांना खोकला आला.

कोणाला कोणती गोळी मिळाली हे रुग्णाला कळणार नव्हते, डॉक्टरांना कळणार नव्हते, फाइलवाल्यांनाही कळणार नव्हते.

"मग कळणार कोणाला?"

"मुख्य कचेरीतल्या कॉम्प्युटरला."

"त्याचे गुडघे दुखतात का?" कंपाउंडरने विचारले. फाइलवाल्यांनी ही शंका टिपून घेतली.

गोळ्यांच्या बाटल्या बंद लिफाफ्यातल्या क्रमांकांप्रमाणे वाटायच्या होत्या. लंगड्या खुर्चीत बसूनही सकाळी सातपासून नंबर लावलेल्या एकाने यावर हरकत घेतली. "आधी मी आलो आणि खोटी मला? हा कुठला न्याय?" त्यावर विज्ञानात रांग नसते, असे उत्तर मिळाले. बाहेरच्या खोलीचे विज्ञानाविषयीचे मत त्याच दिवशी बिघडले.

गोळी घेण्यापूर्वी संमतीपत्रावर सही करणे बंधनकारक होते. संमतीपत्र शेहेचाळीस पानांचे होते. तेवीस रुग्णांनी ते अकरा मिनिटांत संमत केले. चोविसाव्या बाई होत्या.

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. वय अठ्ठ्याहत्तर. डॉक्टर चौथीत त्यांच्या वर्गात होते, आणि बाई केबिनमध्ये आल्या की अजूनही खुर्चीतून उठून उभे राहत. त्यामुळे बाईंचा रक्तदाब नेहमी उभ्यानेच मोजला जाई. बाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. पायऱ्या चोपन्न. खिडकीसमोर त्यांचीच जुनी शाळा. मधल्या सुट्टीची घंटा झाली की बाई खिडकीत येत आणि कोण कोणाचा डबा पळवतो यावर लक्ष ठेवत.

त्यांचा मुलगा दुसऱ्या शहरात विमा कंपनीत दावे तपासण्याच्या कामावर होता. त्याने आपल्या घराच्या तळमजल्यावर आईसाठी खोली तयार ठेवली होती. तिथे न्हाणीघरात पकडायला दांडा होता, पलंगाशी घंटी होती आणि एक खिडकी होती, जी शेजाऱ्याच्या भिंतीकडे उघडत असे. "आई, चोपन्न पायऱ्या आणि तुझे हे गुडघे. या वर्षी तरी आवर," असे तो दोन वर्षे म्हणत होता. बाईंना जायचे नव्हते. गुडघे दुखायचेच असतील तर ते आपल्या खिडकीत दुखावेत, एवढीच त्यांची इच्छा होती.

बाईंनी संमतीपत्र घरी नेले आणि चार दिवसांनी परत आणले. ते लाल शाईने तपासलेले होते.

"वीसपैकी सात," बाई म्हणाल्या. "पान नऊवर जे दिलंय ते पान एकवीसवर काढून घेतलंय. पान तीसवर विधान आहे, उदाहरण नाही. आणि धोक्यांच्या यादीत मृत्यू अकराव्या नंबरवर, खाज पहिल्या नंबरवर?"

"मॅडम, हे कोणी वाचत नसतं," फाइलवाले म्हणाले.

"लिहिणाऱ्यानंही वाचलेलं दिसत नाही."

"मग बाई, सही नका करू," डॉक्टर उभ्यानेच म्हणाले.

"करते ना. पान अडतीस, कलम ग. तेवढं नीट लिहिलंय. सातातले दोन मार्क त्याचेच आहेत." बाईंनी सही केली आणि एक प्रत पिशवीत घातली.

पान अडतीस, कलम ग काय आहे, हे त्यानंतरच्या रविवारी उघड झाले. मुलगा सकाळी दहा वाजता वीस खोकी आणि चिकटपट्टीचे रीळ घेऊन तिसऱ्या मजल्यावर हजर झाला. त्याला धाप लागली होती. बाईंनी त्याला पाणी दिले आणि समोर कागद ठेवला. 'चाचणी पूर्ण होईपर्यंत सहभागी व्यक्तीने राहता पत्ता बदलता कामा नये. बदलल्यास चाचणीचे सर्व निष्कर्ष बाद ठरतील.'

दुसऱ्या कोणाच्या मुलाने कागद बाजूला सारला असता. पण या मुलाने वीस वर्षे लोकांची जळालेली घरे कलमांच्या आधारे न जळालेली ठरवली होती. त्याने कागद दोनदा वाचला, शिक्का पाहिला, मग कागद उजेडात धरला.

"किती आठवड्यांची आहे चाचणी?"

"चोवीस."

"मग चोवीस आठवड्यांनी येतो," तो म्हणाला. "कलम म्हणजे कलम." खोकी तो तिथेच ठेवून गेला. बाईंनी त्यांत जुनी मासिके भरली.

इथपर्यंत चाचणी शास्त्रोक्त चालली होती. ती बिघडली चौकातल्या शिंप्याच्या घरात. शिंपी आणि शिंपीणकाकू दोघेही चाचणीत होते; त्याची बाटली चौदा नंबरची, त्यांची पंधरा. या जोडप्याने चाळीस वर्षांत एक केळेसुद्धा मोजून मधोमध कापल्याशिवाय खाल्ले नव्हते.

"समजा तुम्हाला खरी लागली आणि मला खोटी?" काकूंनी विचारले.

"किंवा उलट."

"उलट झालं तर तुम्ही वर्षभर तोंड पाडून बसाल. त्यापेक्षा हा डबा घ्या."

दोन्ही बाटल्या बिस्किटांच्या एका डब्यात रिकाम्या झाल्या. अकरा खुर्च्यांच्या दवाखान्यात कोणतीही गोष्ट दोन दिवसांपेक्षा जास्त काळ खाजगी राहत नाही. आठवडाभरात चोवीसच्या चोवीस बाटल्या त्या डब्यात गेल्या आणि डबा शिंप्याच्या दुकानात, कापड कापायच्या टेबलावर आला. अशा व्यवस्थेला शिस्त हवी म्हणून देखरेख बाईंकडे देण्यात आली. "निम्म्या खऱ्या, निम्म्या खोट्या," त्यांनी हिशेब मांडला. "सकाळ-संध्याकाळ एकेक घ्या. सरासरी रोज एक तरी खरी पडेलच. कोणावर अन्याय नाही, कोणावर मेहेरबानी नाही. आणि डब्यात हात घालण्यापूर्वी धुवायचा."

फाइलवाल्यांना यातले काही माहीत नव्हते. त्यांचे सारे लक्ष प्रश्नावलीकडे होते. चाचणीतल्या प्रत्येक रुग्णाला डॉक्टरांनी दर आठवड्याला चाळीस प्रश्न विचारायचे होते. एकही गाळायचा नाही, रुग्णाचे बोलणे मध्येच तोडायचे नाही, उत्तर शब्दशः लिहायचे. पहिला प्रश्न होता, 'गुडघा कसा आहे?' सत्ताविसावा होता, 'सकाळी जाग आल्यावर पहिला विचार कोणता येतो?' एका रुग्णाला पाऊण तास लागे. डॉक्टरांच्या कारकिर्दीत हा प्रकार नवा होता.

शिंपी सत्ताविसाव्या प्रश्नावर सात मिनिटे गप्प बसला. डॉक्टरांचे ओठ 'काही नाही, होईल बरं' म्हणायला दोनदा उघडले. पण नियम आडवा आला. मग शिंप्याने सांगितले की त्याला बँडमध्ये कर्णा वाजवायचा होता आणि रोज सकाळी शिलाई मशीनवर पाय ठेवताना त्याला तो कर्णा ऐकू येतो. डॉक्टरांना एकतीस वर्षे त्याचा रक्तदाब पाठ होता. कर्णा नवीन होता. शिंपी बाहेर आला तो खुर्चीला हात न लावता, सरळ चालत.

बाराव्या आठवड्यात मोजमाप झाले. चोवीसच्या चोवीस रुग्णांच्या गुडघ्यांत एकसष्ट टक्के सुधारणा आढळली. बाई चोपन्न पायऱ्या मध्ये न थांबता चढल्या आणि वरून फाइलवाल्यांना "या, बसा" म्हणाल्या. ते तेव्हा एकतिसाव्या पायरीवर होते. डॉक्टर खूश झाले. कंपाउंडरने आकडा फळ्यावर लिहिला. अहवाल रवाना झाला, आणि दहा दिवसांत कंपनीचे पत्र आले.

'खरी गोळी घेणाऱ्या गटातील सुधारणा अपेक्षेनुसार आहे. तथापि, खोटी गोळी घेणाऱ्या बारा रुग्णांतही तेवढीच सुधारणा झाल्याचे दिसते. ही सुधारणा अनधिकृत आहे. संबंधितांनी आपण कोणाच्या परवानगीने बरे झालो, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा.'

संबंधित बारा कोण, हे नियमानुसार सांगता येत नव्हते. त्यामुळे चोवीस जणांनी खुलासे लिहिले. 'नजरचुकीने बरा झालो. पुन्हा असे होणार नाही,' असे शिंप्याने लिहिले. 'मी अजून पूर्ण बरी नाही, पाहिजे तर येऊन बघा,' असे काकूंनी. बाईंनी प्रस्तावना, विषयविवेचन आणि समारोप अशी तीन पाने लिहिली. कंपाउंडर चाचणीत नव्हता. पण आपली पाठ दुखायची थांबली आहे हे उद्या कोणी काढले तर, म्हणून त्यानेही एक देऊन ठेवला.

खुलासे पोहोचताच कंपनीचा निरीक्षक आला. तो दवाखान्यात तीन तास आणि शिंप्याच्या दुकानात चार मिनिटे होता.

"हे काय आहे?"

"डबा."

"कसला?"

"बिस्किटांचा."

"आत काय आहे?"

"गोळ्या."

"कोणाच्या?"

"सगळ्यांच्या," शिंपी अभिमानाने म्हणाला. "आमच्यात भेदभाव नाही, साहेब. बाईंची शिस्त आहे. तुमचे गुडघे दुखतात का? घ्या एक. आधी हात धुवा."

निरीक्षक दवाखान्यात परत येऊन लंगड्या खुर्चीत बसला आणि त्याने चाचणी तहकूब केली. डबा लाखेची मोहोर लावून प्रयोगशाळेत गेला.

त्याच संध्याकाळी बाईंना मुलाचा फोन आला. चाचणीच्या सर्व पत्रव्यवहाराची प्रत आपल्याला मिळावी, असा अर्ज त्याने तिसऱ्याच आठवड्यात केलेला होता. "आई, चाचणी तहकूब झाली. रद्द झाली की कलम ग आपोआप संपतं. अहवाल आल्यावर पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी गाडी घेऊन येतो." बाई "बरं" म्हणाल्या. मग त्या खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या. शाळा सुटली होती. पाहण्यासारखे काही नव्हते. तरी बराच वेळ उभ्या राहिल्या.

प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा डॉक्टर, फाइलवाले, निरीक्षक आणि बाई केबिनमध्ये होते. डॉक्टर उभे होते. अहवालाचा सारांश असा होता की डब्यात एकही खरी गोळी सापडली नाही.

"एकही नाही?" फाइलवाल्यांनी मुख्य कचेरीला फोन लावला. मुख्य कचेरीने शांतपणे खुलासा केला : नवी गोळी तयार करण्याची परवानगी चाचणी यशस्वी झाल्यावरच मिळते. परवानगी मिळण्यापूर्वी गोळी तयार करणे बेकायदा ठरले असते. म्हणून चाचणीसाठी दोन्ही गटांना खोटीच गोळी पुरवण्यात आली. यात कोणत्याही नियमाचा भंग झालेला नाही.

दाराशी उभ्या असलेल्या कंपाउंडरने वळून गुलाबी बरणीकडे आपल्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले.

"मग ही माणसं बरी झाली कशानं?" निरीक्षक म्हणाला.

"अरे, चाळीस प्रश्नांनी," बाई डॉक्टरांना म्हणाल्या. "एकतीस वर्षांत तू कोणाला एक अख्खं वाक्य बोलू दिलं होतंस का?"

"बाई, बाहेर गर्दी असते. वेळ पुरत नाही."

"चौथीतही हेच. अर्धा पेपर कोरा ठेवायचास आणि म्हणायचास, वेळ पुरला नाही." मग बाई निरीक्षकाकडे वळल्या. "चाचणी रद्द कशाला करता? औषध बदला. प्रश्नांचीच चाचणी घ्या. फॉर्म तोच चालेल, मी तपासून दिलाय. फक्त पान अडतीसला हात लावू नका."

प्रश्नाला कारखाना लागत नाही, ही गोष्ट कंपनीच्या चटकन लक्षात आली. नऊ दिवसांत मंजुरी मिळाली. 'गुडघा कसा आहे?' हे वाक्य कंपनीच्या नावे नोंदवण्यात आले. परिणामी चाचणीखालील औषध परवानगीशिवाय देता येत नाही या नियमाने डॉक्टरांना ते वाक्य उच्चारण्याची मनाई झाली. खबरदारी म्हणून 'कसं वाटतंय?' आणि 'काय म्हणताय?' हेही बंद झाले. कंपाउंडरने पाटी लावली : 'येथील विचारपूस चाचणीखाली आहे. कृपया आपणहून काही सांगू नये.' पेशंट आत जात. डॉक्टर "हं" म्हणत. पेशंट "हं" म्हणत आणि बाहेर येत. दोन आठवड्यांत शिंपी पुन्हा खुर्चीला धरून उठू लागला.

मुख्य कचेरीत दरम्यान विचार पुढे गेला होता. डॉक्टरांचा पाऊण तास घरोघरी पोहोचवणे शक्य नाही. मात्र प्रश्न घरच्या माणसांनी विचारला तर? आणि घरच्या माणसांना वेळ नसेल, तर त्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ऐकवला तर? दुसऱ्या चाचणीची आखणी यावर झाली. दर रविवारी सकाळी दहाला मुलाने फोन लावायचा. निम्म्या घरांत तो खरोखर आईला जोडला जाईल. उरलेल्या घरांत आईला मुलाचे मुद्रण ऐकू येईल आणि मुलाला आईचे. आपण कोणत्या गटात आहोत हे आईला कळणार नाही आणि मुलालाही कळणार नाही. फोन ठेवल्यावर दोघांनी आपापल्या कागदावर एक खूण करायची : पलीकडे खरे माणूस होते की मुद्रण?

ठरल्या शनिवारी मुलगा गाडी घेऊन आला, तो थेट फाइलवाल्यांच्या टेबलासमोर. नव्या संमतीपत्रातही पान अडतीस होते आणि कलम ग जागच्या जागी होते. त्याने सुस्कारा सोडला आणि आवाजाचा नमुना द्यायला बसला.

"आई, गुडघा कसा आहे? गोळ्या घेतेस ना? जेवलीस का? बरं, ठेवतो."

"आणखी काही बोलायचं असेल तर जागा आहे," फाइलवाले म्हणाले. "पाच मिनिटांची सोय आहे."

"नाही. एवढंच असतं."

बाईंचा नमुना पहिल्याच खेपेला मंजूर झाला. "बरा आहे. घेते. जेवले. तू काळजी घे."

"मॅडम, तालीम न करता!"

"अठरा वर्षांची तालीम आहे," बाई म्हणाल्या.

बारा रविवार फोन आले. कॉपी पकडण्यात बाईंचा हातखंडा होता. दोन उत्तरपत्रिका शब्दशः जुळल्या की त्या पोराला उभे करत. इथे आठ रविवार तेच तीन प्रश्न, त्याच क्रमाने, त्याच वेगाने आले; पाचव्या रविवारी मध्येच एक जादा वाक्य आले, ते त्यांनी कंपनीची भर म्हणून सोडून दिले. बाईंनी आठही वेळा लाल शाईने 'मुद्रण' अशी खूण केली. नवव्या रविवारी खात्री करून घ्यावी म्हणून त्या मध्येच म्हणाल्या, "गुडघ्याचं राहू दे. खिडकीत कबुतरानं घरटं केलंय. दोन अंडी आहेत." पलीकडे क्षणभर काही नाही. मग आवाज आला, "गोळ्या घेतेस ना?" बाईंनी नवव्या चौकटीतही 'मुद्रण' लिहिले, आणि या वेळी खाली दोन रेघा मारल्या.

तेराव्या आठवड्यात लिफाफे उघडायचे होते. चाचणी संपली म्हणजे कलम संपले; म्हणून मुलगा नवी खोकी घेऊन आला होता. ती बाहेरच्या खोलीत ठेवून तो आईशेजारी बसला. फाइलवाल्यांनी बाईंचा लिफाफा फोडला.

"गट पहिला," त्यांनी वाचले. "प्रत्यक्ष संभाषण. दोन्ही बाजू खऱ्या."

"बाराही रविवार?" बाईंनी विचारले.

"बाराही." मग त्यांनी दोन्ही खुणांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. बाईंच्या कागदावर बारा वेळा 'मुद्रण' होते. मुलाच्या कागदावरही बारा वेळा 'मुद्रण' होते.

कंपाउंडर जाऊन वजनकाट्यावरची धूळ पुसू लागला.

"पाचव्या रविवारी मी तुला सांगितलं होतं," मुलगा हळूच म्हणाला, "की माझी बढती नाकारली. तू म्हणालीस, 'घेते. जेवले.'"

"आणि मी घरट्याचं सांगितलं होतं."

"मला वाटलं, परीक्षा म्हणून कंपनीनंच मध्ये घातलंय."

"हो का? मलाही तुझी बढती तशीच वाटली."

मुलाने विचारायला तोंड उघडले. सवयीने त्याच्या ओठांवर पहिले वाक्य आले असावे, पण ते कंपनीच्या नावे नोंदलेले आहे हे आठवून तो थांबला. वीस वर्षे नियम पाळल्याचा त्याला झालेला हा पहिलाच फायदा.

"पिल्लं निघाली का?" त्याने विचारले.

"हा प्रश्न यादीत नाही," फाइलवाले घाबरून म्हणाले.

"दोन," बाई उठत म्हणाल्या. "चल, दाखवते. चोपन्न पायऱ्या आहेत. जमतील ना तुला?"

खोकी दवाखान्यातच राहिली. संध्याकाळपर्यंत ती न्यायला कोणी आले नाही, तेव्हा कंपाउंडरने एकाची घडी करून लंगड्या खुर्चीच्या पायाखाली घातली. दुसऱ्या दिवसापासून बसल्यावर ती डोलेनाशी झाल्याची जुन्या पेशंटांची तक्रार आहे.

निबंध प्रसिद्ध झाला. मुख्य निष्कर्ष असा की चोवीसपैकी एकाही घरात खरे माणूस आणि मुद्रण यांत फरक आढळला नाही. सबब मुद्रण पूर्णपणे परिणामकारक आहे. डॉक्टरांचे नाव अठराव्या क्रमांकावर होते, कारण सतरावा मुख्य कचेरीतल्या कॉम्प्युटरला देण्यात आला. तरी त्यांनी एक प्रत मित्राला पाठवली आणि सोबत, कंपनीच्या नकळत, चिठ्ठी जोडली : 'गुडघा कसा आहे?' उलटटपाली उत्तर आले : 'बरा आहे. घेतो. जेवलो.'

उत्साहवर्धक निष्कर्ष लक्षात घेऊन कंपनीने चाचणीला तीन वर्षांची मुदतवाढ दिली असून पान अडतीस, कलम ग कायम ठेवले आहे. बाईंनी त्याचे मार्क दोनाचे तीन केले. या वेळी चोवीस घरे पुरणार नाहीत, मोठ्या संख्येने सहभागी लागतील, असे कळते. नावनोंदणीसाठी कोणाला कुठे जाण्याची गरज नाही. गेल्या रविवारी ज्यांनी घरी फोन केला आणि मिनिटाच्या आत ठेवला, त्या सर्वांची निवड झालेली आहे. तुम्ही कोणत्या गटात आहात, हे मात्र नियमानुसार तुम्हाला कळवता येत नाही.